बिनकार्डाचे संगणक

कुंभकोणमच्या एका शाळेत मी संगणक शिकवते. आमचे संगणक तळहातावर मावणारे, एकेका उघड्या सर्किट-पाटीचे. करंट अचानक गेला की ते ज्यांवरून सुरू व्हायचे ती मेमरी कार्डं मरायची. शाळेच्या कारभाऱ्यांना, ज्यांना इथं करस्पाँडंट म्हणतात, तेवढं निमित्त पुरे होतं. संगणकांची खोली त्यांना बाहेरच्या शिकवणीवाल्यांना द्यायची होती. तिरुवलंचुळीकडून बसनं येणाऱ्या माझ्या मुलींच्या घरी संगणक नाही. खोली गेली, की त्यांचं शिकणं संपलं. मी मनात म्हटलं, बघतेच कशी जाते ती.

मी कार्डंच काढून टाकली. कोपऱ्यातल्या जुन्या डेस्कटॉपवर सगळी प्रणाली एकदाच ठेवली, त्याला बॅटरी जोडली. छोट्यांनी सुरू होताच नेटवर्कच्या वायरीतून त्याला हाक मारायची आणि तो देईल ते घेऊन उठायचं. सगळ्या पंगतीला एकच वाढपी. पहिल्यांदा सगळे पडदे उजळले, तेव्हा रिकाम्या खोलीत मी एकटीनंच टाळ्या वाजवल्या.

मग सरस्वतीपूजा आली. त्या दिवशी आमच्याकडे पुस्तकं, हत्यारं, यंत्रं सगळी देवापुढे. कशालाही हात लावायचा नाही. एरवी रात्रंदिवस चालू असणारा डेस्कटॉपही बंद करून त्याला चंदनकुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, नव्यानं आरंभ. मुली भोवती जमल्या होत्या. कापूर ओवाळून मी ऐटीत मेन स्विच वर केला. करस्पाँडंट शिकवणीवाल्यांना घेऊन दारात उभेच होते. एकही पडदा उजळला नाही.

"टीचर, हे सामान आजच अडगळीत जाऊ दे," ते तमिळमध्ये म्हणाले.

माझी थोरली बहीण याच शाळेत शिकवते; पूजेला तीही आली होती. ती, पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या आमच्या घरच्या मराठीत पुटपुटली, "कां गे, उगी कां भांडतीस? देऊन टाक."

या आमच्या जुन्या मराठीला पुण्याचे पाहुणे हसतात. त्यांच्यापुढे मी कधी गप्प बसले नाही, मग इथं कशी बसणार?

"खोली मिळणार नाही," मी म्हटलं. रागानं कान तापले होते, पण त्याच रागात चूक दिसली. मी सगळ्यांना एकदमच उठवलं होतं. म्हाताऱ्या डेस्कटॉपला जागं व्हायला वेळ लागतो. तोवर छोटे हाका मारून मारून गप्प झाले होते. वाढपी येण्याआधीच पंगत उठली होती.

मी छोट्यांच्या करंटच्या वायरी काढल्या. "बसा," मी करस्पाँडंटना खुर्ची दिली. ते घड्याळ बघू लागले. मी बघितलं नाही. डेस्कटॉप पूर्ण उठल्यावरच मी एकेक वायर परत लावली. एकेक पडदा उजळत गेला आणि मुली न विचारता जागेवर जाऊन बसल्या.

"मग यांना मी कुठं बसवू?" करस्पाँडंटनी शिकवणीवाल्यांकडे बोट दाखवलं.

"तुमची खोली मोठी आहे की," मी म्हटलं.

पुढच्या आठवड्यापासून शिकवणी तिथंच भरू लागली.