दारातला उतारा

दहिसरच्या चाळींत आणि आता टॉवरांतही वाढलेल्या कितीतरी पोरांच्या पहिल्यावहिल्या आंघोळी विमलाबाईंच्या पायांवर झाल्या. पाटावर बसून पाय लांब करायचे, त्यांवर बाळ घ्यायचं, तेल चोळायचं, कोमट पाणी ओतायचं. नवरा गेल्यापासून याच कामावर त्यांनी घर चालवलं, निधीला हॉटेलचा कोर्स शिकवला. आणि तीच निधी केयूरशी लग्न करून बालीत जाऊन बसली, तिथेच तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, यात विमलाबाईंना विचारण्यासारखं काही वाटलंच नाही. दिवस भरत आले की विमानवाले घेत नाहीत, म्हणून सातव्या महिन्यातच त्या लेकीला आणायला निघाल्या.

बेट बघून त्या पार गोंधळल्या. माड, फणस, जास्वंद, भातखाचरं. थेट आपल्या गावी मालवणात उतरल्यासारखं वाटावं. माणसं म्हणे हिंदू. पण देवळात शिरावं तर वर आभाळ आणि समोर रिकामं आसन. गणपती बाहेर दारावर राखणीला, आणि झाडांना चक्क काळ्यापांढऱ्या चौकड्यांचं कापड नेसवलेलं. हात जोडायचे कुणाला? त्यांनी सगळीकडेच जोडले, उगाच कुणाचा राग नको.

दुसऱ्याच सकाळी निधीच्या उंबऱ्याबाहेर पानाच्या द्रोणात फुलं, भाताची शितं, एक बिस्किट आणि वर धुमसती उदबत्ती. विमलाबाई जागीच थबकल्या. गावी तिठ्यावर असलं काही दिसलं की लांबून वळसा घालायचा, हे त्या लहानपणापासून शिकलेल्या. उतारा! तोही पोटुशीच्या दारात! निधी उठायच्या आत त्यांनी तो सुपलीत लोटून मागच्या ओढ्यात टाकला आणि लेकीवरून मीठमिरच्या ओवाळल्या. निधीला वाटलं, आईची नेहमीची दृष्ट. पण पुढच्या सकाळी पुन्हा द्रोण, त्याच्या पुढच्या सकाळी दोन.

मग त्या खिडकीआड दबा धरून बसल्या. द्रोण घेऊन आली ती घरमालकीण वायान, निधीला रोज शहाळं आणून देणारी. विमलाबाई तीरासारख्या बाहेर आल्या.

"काय गो बाय, माझ्या चेडवान तुझा काय वाकडा केल्यान?"

वायानला शब्द कळले नाहीत, राग तेवढा कळला. तिच्या हातातला द्रोण लवंडला. निधी पोट सावरत आली.

"आई, काय करतेस तू? उतारा नाहीये तो! इथे घरोघरी ठेवतात गं, वाईट शक्तींनी शांत राहावं म्हणून. ही तर बाळासाठी जास्तीचा ठेवते. रोज गायब होतो म्हणून बिचारी काळजीत आहे. तिला वाटतं, कुत्रं नेतंय."

विमलाबाई खाली वाकून सांडलेली फुलं गोळा करू लागल्या. म्हणजे नातवंडाची राखण आपणच रोज उचलून ओढ्यात फेकत होतो? पण मग मीठमिरच्यांचं काय? दोन्हींतलं खरं कुठलं? त्यांना काही सुधरेना. लाज मात्र वाटली, कान गरम होईपर्यंत.

त्यातच निधीनं इतके दिवस गिळलेलं बोलून टाकलं. "आई, मी येत नाहीये. माझी डॉक्टर इथली, केयूर इथे. इथेच होऊ दे ना."

"आणि माझो व्हिसा त्याआधीच संपतलो. मगे पोराक आंघोळ कोण घालतला?"

 निधीनं नुसतं वायानकडे पाहिलं.

सगळ्या दहिसरची पोरं न्हाऊ घातली आणि स्वतःचं नातवंड तेवढं पायांवर यायचं नाही, याचं विमलाबाईंना रडू फुटलं. रागवावं, की एकटीनंच परत जावं? दुपारभर त्या कूस बदलत पडून राहिल्या. उन्हं कलल्यावर उठल्या, वायानला हाताला धरून ओसरीवर आणलं, पाटासारख्या बुटक्या स्टुलावर बसवून तिला पाय लांब करायला लावले. बाळ म्हणून परसातली पपई तोडून पायांवर ठेवली. वायान हसली. विमलाबाई हसल्या नाहीत. आपण हिला शिकवतोय की लेक देऊन टाकतोय, हेच त्यांना कळेना. तेवढ्यात पपई घरंगळली आणि त्या ओरडल्याच.

"अशी नाय गो. मान धर आधी, मान!"

निधीनं इंग्रजीत सांगायला तोंड उघडलं, पण वायानचा हात आधीच पपईच्या मानेखाली गेला होता. विमलाबाईंनी डोळे पुसले आणि कोमट पाण्याचा तांब्या तिच्या दुसऱ्या हातात दिला.