मास्तरची पुरवणी

मास्तरनं कधी पुरवणी मागितली नाही. परीक्षेच्या हॉलमध्ये आम्ही बाकीची पोरं सारखे हात वर करायचो आणि पुरवणीला पुरवणी बांधून उत्तरपत्रिका जाडजूड करायचो. मास्तर एक सुबक आकृती काढायचा, खाली इंग्रजीत दोन ओळी लिहायचा आणि पेन खिशाला लावून मोकळा. बाहेर आल्यावर आम्ही ओरडलो की आम्हालाच विचारायचा, "उत्तर आलं ना? मंग अजून काय लिहू, माझी कुंडली?"

आता मास्तर म्हणजे कुणी प्राध्यापक नव्हे. नव्वदीच्या दशकात आम्ही जालन्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग शिकत होतो, तेव्हाचा हा आमच्या हॉस्टेलातला मुलगा. कुंभार पिंपळगावचा, आमच्याहून तीन वर्षांनी मोठा. आजोबा मेंढरं राखायचे, वडील शेती करायचे आणि घरातून कॉलेजात आलेला हा पहिलाच. डिजिटल लॉजिक या एकाच पेपरात तो पुन्हा पुन्हा नापास व्हायचा आणि तोच विषय सगळ्या हॉस्टेलला शिकवायचा, म्हणून मास्तर. हसू नका. त्यानं शिकवलेला एकही पोरगा त्या विषयात राहिला नाही, तो स्वतः सोडून.

मी अंकुशनगरचा, साखर कारखान्याच्या वसाहतीत वाढलेला. पहिल्या महिन्यात बेरजेच्या सर्किटपाशीच माझं घोडं अडलं. हाफ ॲडर, फुल ॲडर, पाठ करून करून डोकं उठलं. मास्तर माझ्या वहीत डोकावला. "दुसरीत बेरीज शिकला का न्हाई? हातचा आला की काय करायचा?"

"पुढच्या घरात मिळवायचो."

"हां. मागून आलेला हातचा जो घेतो तो फुल, जो घेत न्हाई तो हाफ. संपलं. आता जल्दी ऊठ, तिकडं वरण संपून राह्यलंय." पुस्तकातली सहा पानं त्यानं जेवणाच्या घंटेआधी उरकली होती.

त्याचा सगळ्यात लाडका धडा फ्लिप-फ्लॉपचा. एक किंवा शून्य लक्षात ठेवणारं हे सर्किट. पण त्याला चालवणाऱ्या घड्याळाचा ठोका जरा लांबला की ते भांबावतं आणि एक-शून्य, एक-शून्य करत सुटतं. ते कसं आवरायचं, हे आमच्यापैकी कुणाच्या बापाला कळत नव्हतं. मास्तरनं हॉस्टेलसमोरच्या कडुनिंबाखालच्या मातीत काडीनं दोन चौकोन काढले. "हे दोन हौद. पहिला भरून राह्यला तवर दुसऱ्याचं तोंड बंद. पहिल्याचं बंद केलं, मंगच दुसऱ्याचं उघडायचं. दोन्ही तोंडं एका वक्ताला उघडायची न्हाईत. मंग पाणी कशाला सैरावैरा पळतंय?"

विषय एवढा लख्ख कळलेला माणूस नापास का व्हायचा? इंग्रजी. पेपर इंग्रजीतच लिहावा लागायचा. तो वाचायचा बराबर, पण लिहायला घेतलं की हात जड व्हायचा. "समजावून सांगा" असा प्रश्न आला की त्याच त्या दोन ओळी. आणि त्या वर्षी तर शेवटची संधी होती. या खेपेला राहिला की कॉलेजातून नाव कमी, असं ऑफिसनं लिहूनच दिलं होतं. वडिलांनी मात्र गावभर सांगून ठेवलं होतं की यंदा पोरगं इंजिनिअर होण्याच्या वाटेला लागतंय.

मग मी त्याची शिकवणी घेतली. महिनाभर रोज दुपारी त्या कडुनिंबाखाली मी इंग्रजी वाक्यं सांगायचो आणि तो लिहायचा. तीन वाक्यांनंतर पेन थांबायचं. मला राग यायचा, मग रागाचीच लाज वाटायची. पेपरच्या सकाळी त्याचा चेहरा बघवेना. मी म्हणालो, "मास्तर, तपासणारा गेला उडत. समोर मीच बसलोय असं समज. मला समजावून सांगतोस ना, बिलकुल तसंच लिही. थांबू नको."

"बिलकुल तसंच?"

"बिलकुल."

पेपरात फ्लिप-फ्लॉपचाच प्रश्न आला, तोही सर्वांत जास्त गुणांचा. मी चमकून पुढे बघितलं. दोन बाकं पुढं मास्तर खाली मान घालून झपाझप लिहीत होता, आणि थोड्या वेळानं त्यानं हात वर केला. पुरवणी! मला तर उठून नाचावंसं वाटलं. त्यानं तीन पुरवण्या घेतल्या. बाहेर आला तेव्हा बोटं शाईनं माखलेली आणि चेहरा असा मोकळा की मी काही विचारलंच नाही.

निकाल लागला. मास्तर नापास. मी डिजिटलमध्ये वर्गात पहिला. मी तरातरा जाऊन पेपर पुन्हा तपासायचा अर्ज आणला, तर त्यानं घडी घालून माझ्याच खिशात ठेवला. "ऱ्हाऊ दे. काही उपेग न्हाई," एवढंच म्हणाला. का, ते सांगेना.

ते सांगितलं कायमचं गावी निघाला तेव्हा बसस्टँडवर, ट्रंकेवर बसून. "तीन पुरवण्या लिहिल्या राजा. पहिल्यांदाच हात थांबला न्हाई. बांधायला घेतल्या तवा ध्यानात आलं, सगळं मराठीत लिहिलंय. परत लिहायला वक्तच न्हाई राह्यला."

तसंच लिही असं मीच सांगितलं होतं, आणि तो माझ्याशी कधी इंग्रजीत बोलला होता? मी नुसता त्याच्या ट्रंकेची कडी चाळवत राहिलो.

गाडी लागली. चढता चढता तो थांबला. "तू काय लिहिलं त्या प्रश्नाला?"

"तेच," मी म्हणालो. "दोन हौद. इंग्रजीत."

"बराबर कळलं का त्यांना?"

"कळलं."

"मंग झालं," मास्तर म्हणाला, आणि खरंच खूश होऊन आत जाऊन बसला.