पोकरची फी आणि माझ्या माहेरचा पावणा

साखर कारखान्यातून निवृत्त झाल्यावर आमच्या ह्यांनी बोलणंच सोडून दिलं. भांडण नाही, आजार नाही. खुर्चीत बसून टीव्हीकडं बघायचं आणि मी काही विचारलं की "हं" म्हणायचं. ज्या माणसाचा आवाज चार घरांपलीकडं जायचा, त्याचा तो "हं" मला ऐकवायचा नाही. रविवारी मात्र कळंब्याला आमच्या वरच्या खोलीत चौघं मित्र पत्ते खेळायला जमत. आधी रमी होती, मग पोकर आलं. वरून ह्यांचं हसणं ऐकू यायचं. तेवढ्यासाठी मी चौघांना न कुरकुरता भजी तळून दिली, आणि न कुरकुरणं हा माझा स्वभाव नाही.

त्यांतल्या एका मित्राचा हुपरीला पैंजणांचा कारखाना आहे. त्यानं एकदा बातमी आणली, की गोव्यात पोकरची मोठी स्पर्धा आहे, कुणीही फी भरून बसू शकतं. फी चांगलीच मोठी होती. आमच्याकडं गावातल्या क्रिकेट स्पर्धेला फी असते, पण तिथं पहिलं बक्षीस बोकड असतं आणि हरलेल्यांनाही जेवायला बोलावतात. त्यामुळं ह्यांचा पहिला प्रश्न होता, "हरल्यावर जेवान हाय का?" जेवण फीतच होतं. तरी निकाल लागेना, तेव्हा मला वर बोलावलं. मी हायस्कूलात गणित शिकवायची.

मी मोबाईलवर सगळी माहिती वाचून काढली. अशा फीचे दोन भाग असतात. मोठा भाग बक्षिसाच्या रकमेत जातो, उरलेला भरवणारे ठेवून घेतात. इथं ते जरा जास्तच ठेवून घेत होते. शिवाय दर थोड्या वेळानं सक्तीनं लावायची रक्कम वाढते. ती भराभर वाढली तर विचार करायला सवडच मिळत नाही, सगळं नशिबावर जातं. इथं ती भराभरच वाढत होती. "आणि शेवटचं," मी म्हटलं, "तिथं तुमच्यापेक्षा कच्चे खेळणारे पाहिजेत. त्यांच्याच पैशावर फी वसूल होते. असे कोण भेटतील तुम्हाला?" चौघांनी एकमेकांकडं बघितलं.

"म्हणजे फी परवडत न्हाय," हुपरीकर म्हणाले.

"अजिबात नाही."

ह्यांनी पत्ते गोळा केले आणि "हं" म्हणाले. वरच्या खोलीत, रविवारी! माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी माझ्या शिकवणीच्या पैशातून मी ह्यांची फी भरून टाकली आणि सांगितलं, मीपण येणार. गणित गेलं खड्ड्यात.

गोव्याच्या त्या थंडगार हॉलमध्ये नातेवाइकांना दोरीच्या बाहेर उभं करत. हे टेबलाशी बसले आणि पत्ते वाटायच्या आधी डावीकडच्याला विचारते झाले, "कुठलं पावणं?" मग उजवीकडच्याला. काळा चष्मा लावलेले, कानात गाणी घातलेले ते लोक चष्मे काढून उत्तरं द्यायला लागले. पत्ते वाटणाऱ्या मुलीनं दोनदा टोकलं. हे हसत होते, हात हलवत होते, त्यांचा आवाज दोरीपर्यंत येत होता. मी तिथंच उभ्या उभ्या खूश झाले.

उजवीकडं तिशीतला एक तरुण होता. त्याच्याकडच्या चिप्स संपत आल्या होत्या. त्यानं सगळ्या पुढं ढकलल्या. ह्यांच्यासमोर ढीग होता. ह्यांनी पत्ते बघितले, त्याच्याकडं बघितलं, आणि पत्ते टाकून दिले. पुढं त्याच तरुणाच्या चिप्स वाढत गेल्या, आणि तासाभरात त्यानंच ह्यांना बाहेर काढलं.

"माझ्याकडं दोन राण्या हुत्या मघाशी," दोरीबाहेर येऊन हे म्हणाले.

"मग टाकल्या कशाला?"

"अगं, तुझ्या गावचा निघाला की त्यो! चंदगडकडचा म्हणला, मी तुझ्या गावाचं नाव घेतलं, तर म्हणतो तेच आमचं गाव. शेवटच्या चिप्स हुत्या त्याच्या. माहेरच्या पावण्याचं कसं घ्यायचं?"

माझ्या माहेरी हा माणूस लग्नातल्या मानपानावर रुसून आजवर एकदाही जेवला नव्हता. दारात उभ्यानं चहा घ्यायचा आणि गाडीत जाऊन बसायचा. हे ताट घ्यायला गेले, तेवढ्यात खेळाला थोडी सुट्टी झाली आणि तो तरुण स्वतःहून माझ्याकडं आला. "नमस्कार काकू."

"कुणाच्यातला रे तू? घर कुठं?"

"तिथंच की, एसटी स्टँडजवळ."

आमच्या गावाला स्टँड नाही. एसटी फणसाखाली वळते आणि आल्या वाटेनं परत जाते.

"चंदगड बघितलंयस का कधी?" मी विचारलं. तो लाल झाला. "सॉरी काकू," म्हणाला आणि टेबलाकडं पळाला. सगळ्या हॉलमध्ये एकच कच्चा खेळाडू होता, आणि त्याची फी मी भरली होती. हे ताट घेऊन आले की सगळं सांगायचं, असं मी ठरवलं.

पण हे आले ते बोलतच. जेवताना बोलले, सकाळी गाडीत बोलले, तिलारीचा घाट चढेपर्यंत बोलले. पोरगं कसं हुशार, आपण कसं ओळखलं, माहेरचं माणूस म्हटल्यावर राण्या काय आणि राजे काय. चंदगड आलं तशी त्यांनी गाडी माझ्या गावाकडं वळवली. "तुझ्या दादाला सांगून जाऊ," म्हणाले. आणि दारात न थांबता आत जाऊन माजघरात पाटावर बसले.

दादा घाबरलाच. हात पुसत आला. ह्यांनी त्याला सगळी हकिगत सांगितली, राण्यांसकट. "तुमच्या गावचं पोरगं, दादा, गोव्यात नाव काढतंय. मी वाचवलं त्याला." दादा त्या गावात जन्मला, तिथंच म्हातारा झाला. गावातून गोव्याला पत्ते खेळायला कोण गेलंय हे त्याला माहीत नसेल, असं होणारच नाही. त्यानं वळून माझ्याकडं बघितलं. मी वहिनीच्या मागं उभी राहून हात जोडले.

दादा परत ह्यांच्याकडं वळला.

"व्हय की," तो म्हणाला. "आमचंच पोरगं त्ये. लई उपकार झालं, दाजी." आणि आत बघून ओरडला, "अगं, भात वाढ. दाजी जेवून जाणार हाईत."