स्वर्गवासी नव्हे, कालकथित

माझा मामा बदलापूरला हेंद्रेपाड्यात एकटाच राहायचा. अंबरनाथची कंपनी बंद पडली तसं त्याने घराबाहेर पडणंच सोडलं. दार लावून बेंजो वाजवायचा आणि स्वतः रचलेली गाणी टेपरेकॉर्डरवर भरायचा. कोणी आलं की गाणं बंद. लोकांनी ऐकावं, पण मी समोर नको, हे त्याचं म्हणणं. म्हणजे लग्न करायचंय, पण मांडवात यायचं नाही.

मी तेव्हा उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये, जीन्सच्या कारखान्यात पॅकिंगला होते. त्याच गल्लीतल्या एका दुकानात मामाच्या कॅसेटवरून सीडी काढायला टाकल्या. कव्हरसाठी त्याने कंपनीच्या ओळखपत्रावरचा जुना, मिशीवाला फोटो दिला होता. त्या दुकानात घरची गाणी घेऊन येणारे बहुतेक जण वर्षश्राद्धाला वाटायलाच सीडी काढत. दुकानदाराने न विचारताच फोटोला हार चढवला आणि नावाआधी ‘स्वर्गवासी’ छापलं.

ते कव्हर मी भीतभीतच मामापुढे ठेवलं. त्याने नावाआधीच्या शब्दावर बोट ठेवलं.

“स्वर्गवासी? आपल्या बौद्धांत स्वर्ग कुठून आला गं? कालकथित लिहायला सांग त्याला.”

“अरे मामा, पण तू जिवंत आहेस!”

“ते राहू दे. मेलेल्याला कोणी स्टेजवर बोलवत नाही.”

शब्द बदलला, हार तसाच राहिला. सीडी मी कारखान्यात आणि ओळखीपाळखीत वाटून टाकल्या.

काही महिन्यांनी विठ्ठलवाडीचे एक गृहस्थ विचारत विचारत सांत्वनाला आले. त्याच कंपनीत, पण दुसऱ्या खात्यात होते. मामाची आता दाढी वाढलेली. ‘मी धाकटा भाऊ,’ असं त्याने ठोकून दिलं. मला हसू आवरेना, म्हणून चहा ठेवायला आत पळाले.

“गळा काही खास नव्हता हो त्यांचा,” गृहस्थ म्हणाले. “पण ते कंपनीच्या भोंग्याचं गाणं लागलं ना, की आमची ही गॅस बंद करून बाहेर येऊन बसते. या एकदा घरी.”

ते गेल्यावर मामा म्हणाला, “मेल्या माणसाला कोणी नावं ठेवतं का? याने ठेवली. म्हणजे बाकीचंही खरंच बोलला असणार.”

पुढच्या रविवारी त्याने इस्त्रीचा शर्ट घातला. मला फार बरं वाटलं, पण बोलले नाही. बोलले असते तर उंबऱ्यातूनच परत फिरला असता. विठ्ठलवाडीला त्यांच्या खोलीत सीडी लागली. भोंग्याचं गाणं सुरू झालं तशा त्या बाई खरंच गॅस बंद करून बाहेर आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. मामा मान खाली घालून ऐकत होता.

गाणं संपल्यावर बाईंनी पदराने डोळे पुसले. “तुम्हाला भावाची आठवण येत असेल ना?”

“येते,” मामा म्हणाला. “आज इथे असायला हवा होता तो.”