घसरणारा पट्टा

ट्रेडमिलचा पट्टा सैल झाला की मी खणातून बोल्ट कसायची एलन चावी काढतो, आणि ती हातात आली की तो मेकॅनिक आठवून माझं डोकं अजून तापतं. शुगर वाढली म्हणून डॉक्टरांनी आईला रोज चालायला सांगितलं होतं. शहापुरातलं आमचं घर हायवेला लागून, ट्रकांच्या धुळीत ती चालणार कुठे, म्हणून मशीन घेतलं. काही दिवसांतच तिचं पाऊल पडलं की पट्टा अडकून घसरायला लागला. एकदा ती तोंडावर पडता पडता वाचली आणि तिनं चालणंच सोडलं. मेकॅनिकनं रिकामं मशीन फिरवून पाहिलं आणि हसला, "मशीन बराबर हाये. बाईलेच चालता येत नाही. घरी कोणी शिकलेलं हाये का?" घरातला पहिला ग्रॅज्युएट मी, समोरच उभा होतो. पण मला झोंबलं ते आईला बोललेलं. गुडघाभर गाऱ्यात, शेतातल्या चिखलात, उलट्या पावलानं सरकत जिनं जन्मभर धानाची रोवणी केली, तिला हा चालणं शिकवणार? मी तोंड उघडायच्या आत आईच बोलली, "बाबू, गाऱ्यात मी कधी घसरली नाही. तू चढून दाखव बरं." तो ऐटीत चढला, पहिल्याच पावलाला पट्टा अडकला आणि गडी दांडीला लोंबकळला. आईनं विचारलं, "काहून रे, तुले बी चालता येत नाही का?" मग त्यानं मागचे दोन्ही बोल्ट कसले, मला "हो गया सर" म्हणाला आणि आईकडे न बघताच निघून गेला. तेव्हापासून पट्टा मीच कसतो. आईची माफी मागितल्याशिवाय त्या माणसाला आमच्या दारात पाय ठेवू देणार नाही.