एक टिंब कमी

आमच्या थोरल्या काकांना घरात सगळे पाठीमागे ‘खातरजमा’ म्हणत. गॅस बंद केला का, हे ते काकूला दोनदा विचारत आणि तिसऱ्यांदा स्वतः उठून बघत. माझं लग्न ठरलं तेव्हा होणाऱ्या नवऱ्याचं पदवीचं प्रमाणपत्र त्यांनी खिडकीशी नेऊन उजेडात धरलं. मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

पण नोकरीत याच खोडीला मान होता. राष्ट्रपतींच्या कार्यालयात ते शिक्केदार होते. राष्ट्रपतींची सही झालेला प्रत्येक कागद त्यांच्या टेबलावर येई. काका नमुना सहीचं कार्ड काढत, भिंग लावून रेघ न् रेघ ताडून बघत, मगच शिक्का उठवत. शिक्का नसेल तर सही म्हणजे नुसती शाई. शंका आली, तर शिक्केदाराचं समाधान होईपर्यंत कागद त्याच्या कुलपात, आणि ते समाधान खुद्द राष्ट्रपतींनी समोरासमोर करायचं, असा जुना नियम होता. इतर शिक्केदारांनी तो कधी वापरला नाही. काकांनी चौदा वेळा वापरला, आणि चौदाही वेळा सही खरी निघाली. त्यांना जिन्यात पाहिलं की सचिव वाट बदलत.

त्या वर्षी एका गोदामाच्या रखवालदाराचा दयेचा अर्ज आला होता. मालकाच्या खुनाबद्दल त्याला फाशी झाली होती. त्याची बायको रोज येऊन अभ्यागतांच्या बाकावर बसे. काकांना तिचाही संशय. “रडत नाही, काही मागत नाही,” ते घरी म्हणत. “हिला कुणीतरी बसवलंय.”

एका सकाळी कागद आला : अर्ज नामंजूर. शिक्का बसला की दहा दिवसांत फाशी. काकांनी भिंग लावलं. राष्ट्रपती सहीखाली नेहमी दोन टिंबं देत. इथे एकच होतं.

“अहो, घाईत राहिलं असेल,” सचिव म्हणाले. “मारा शिक्का.”

सचिवच घाई करताहेत म्हटल्यावर काकांना खात्रीच पटली, यात काहीतरी काळंबेरं आहे. ते कागद घेऊन थेट राष्ट्रपतींसमोर उभे राहिले.

“सही माझीच आहे,” राष्ट्रपती म्हणाले.

“मग टिंब, साहेब?”

“तिथे हात थांबला.” राष्ट्रपतींनी चष्मा काढला. “मंत्रिमंडळ म्हणालं, फाशी द्या. मी फेरविचाराला परत पाठवलं. एकदाच पाठवता येतं. त्यांनी तेच पुन्हा लिहून पाठवलं. आता सही करणं भाग आहे. बाहेर लोकांना वाटतं, मी मनात आणलं तर काहीही करू शकतो.”

काकांनी त्या एकट्या टिंबाकडे पुन्हा पाहिलं.

“झालं का तुमचं समाधान?” राष्ट्रपतींनी विचारलं.

काका पुढे मला म्हणाले, इतकी स्वच्छ खात्री त्यांना उभ्या आयुष्यात कशाचीच झाली नव्हती. सही खरी होती, माणूस खरा होता.

“नाही साहेब,” काका म्हणाले.

राष्ट्रपतींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. “मग राहू द्या कागद तुमच्याकडे. पुन्हा बोलावीन.”

त्यांनी पुन्हा बोलावलं नाही. सचिव दर सोमवारी विचारत, काका दर सोमवारी “शंका आहे” म्हणत. त्यांची चौकशी झाली, बढती हुकली, काकूने अबोला धरला. ते कुलपाची किल्ली कमरेला बांधून झोपत. मला त्यांचा अभिमान वाटे आणि भीतीही वाटे, कारण खोटं बोलायची त्यांना अजिबात सवय नव्हती.

दोन वर्षांनी निवडणूक झाली. नव्या मंत्रिमंडळाने सल्ला बदलला : फाशीऐवजी जन्मठेप. नवा कागद आला तेव्हा सहीखाली दोन टिंबं ठळक होती. काकांनी भिंगही न लावता शिक्का उठवला.

दुसऱ्या दिवशी रखवालदाराची बायको त्यांच्या टेबलाशी आली. तिला कुणीतरी सगळं सांगितलं होतं. ती नुसती हात जोडून उभी राहिली. काकांनी तिला खुर्ची दिली, दार लोटलं, आणि दोन वर्षं पोटात दाबून ठेवलेलं विचारून टाकलं.

“बाई, खरं सांगा. त्यानं केलं होतं का हो?”

ती खुर्चीत बसलीच नाही.

“मी त्याला कधी विचारलं नाही,” ती म्हणाली.