बुटक्या गाडीची वाट

मणक्याचं ऑपरेशन झालेल्या बाबांना रिक्षातून घरी आणत होतो. जोराचा दणका बसता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आमच्या पुढे एक लाल स्पोर्ट्स कार गतिरोधकाशी अडली होती.

गाडी जमिनीला टेकेल इतकी बुटकी. पानवाला, भाजीवाली, कॉलेजची पोरं, सगळे धावले. "तिरकी घ्या साहेब, तिरकी." एकजण तर पालथा पडून गाडीचं पोट बघत होता.

अशा गाडीचं सस्पेन्शन कडक ठेवतात, वेगात वळताना तिने रस्ता सोडू नये म्हणून. म्हणजे रस्ता गुळगुळीत असणार, हे तिच्या बांधणीतच गृहीत धरलेलं. आम्ही तर काहीच गृहीत धरत नाही. याच चौकात मी खड्ड्यांविरुद्ध पत्रकं वाटली, तेव्हा याच लोकांनी "यानं काय होणार" म्हणत ती परत दिली. रोज स्वतःची कंबर मोडते त्याचा राग नाही, पण परक्याच्या बंपरला ओरखडा पडेल म्हणून श्वास रोखलेला. मला चीड येते ती याची.

गाडी सुखरूप उतरली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी खाली उतरलो. "आत पेशंट आहे, पाठीचं ऑपरेशन झालंय. चौघं मागून रिक्षा उचलून धरा, अलगद उतरवू."

"रिक्षाला काय होतंय? रोज जातात की," पानवाला म्हणाला आणि दुकानाकडे वळला. बाकीचे अजून लाल गाडीचे फोटो काढत होते.

मागून हॉर्न सुरू झाले. बाबांनी दोन्ही हातांनी समोरची दांडी धरली, डोळे मिटले आणि रिक्षावाल्याला म्हणाले, "घ्या."